दर्शनी कपाटात या महिन्यात काय ठेवायचं?

प्रश्न असा आला आहे: ‘तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात सहा महिन्यांपूर्वी सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झालो. आम्ही चौघं कर्मचारी. दारासमोरच्या कपाटात “आमच्या आवडीची पुस्तकं” ठेवायची आणि ऋतूप्रमाणे बदलायची, असं कार्यकारिणीत ठरलं. पहिल्या महिन्यात ४० पुस्तकं मांडली, त्यातली तीन गेली. कुठे चुकलं? आणि कोणत्या ऋतूत काय ठेवावं?’

एकोणतीस वर्षं मी देवघेवीच्या टेबलामागे बसते आहे. आमचं वाचनालय सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, माणदेशाला लागून. माउलींची पालखी आमच्या तालुक्यातून जाते, पाऊस मात्र आमच्याकडे यायचा तर येतो. पुढे सांगते ते या मातीतलं आहे. तुम्ही कोकणात किंवा विदर्भात असाल तर महिने थोडे मागेपुढे करून घ्या.

आधी मला सांगा, त्या ४० पुस्तकांपैकी तुम्ही चौघांनी मिळून वाचलेली किती होती? ‘आमच्या आवडीची’ अशी पाटी लागली की वाचक पुस्तक हातात घेऊन टेबलाशी येतो आणि विचारतो, “यात काय आहे हो?” त्यावर “चांगलं आहे, पुरस्कार मिळालाय” एवढंच उत्तर आलं की त्याला कळतं, या बाईनं हे वाचलेलं नाही. तो पुस्तक जागेवर ठेवतो आणि पुन्हा त्या कपाटाकडे बघत नाही. मी सुरुवातीला हेच केलं होतं. मोठी नावं आणि नव्या कोऱ्या प्रती एका रांगेत लावल्या. पुस्तकं महिनाभर जशीच्या तशी राहिली आणि वर धूळ बसली.

आता आम्ही बाराच्या वर पुस्तकं ठेवत नाही. चौघांची प्रत्येकी तीन, ज्याने त्याने स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली. चौघांतलेच एक आमचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांचीही तीन असतात. सांगायला मला फार बरं वाटतं की सगळ्यात लवकर मामांचीच पुस्तकं जातात.

का जातात ते सांगते. सूची संगणकावर गेल्यावर जुन्या लाकडी खणांतली कार्डं उरली, खाली दांडा ओवायचं भोक असलेली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही लिहितो. मामांनी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’वर लिहिलेलं कार्ड माझ्यासमोर आहे: ‘रोज एक माणूस वाचा. चहा होईपर्यंत वाचून होतो. झेल्या मी तीनदा वाचला. आमच्या वर्गात असाच एक होता, तो पुढे शाळेत आला नाही.’ खाली सही नाही, फक्त ‘मामा’. चार वाक्यांत किती वेळ लागेल ते आलं, कुठून सुरुवात करायची ते आलं आणि सांगणारा माणूसही आला. मी ‘ग्रामीण व्यक्तिचित्रणाचा मानदंड’ असं काहीतरी लिहिलं असतं आणि पुस्तक तिथेच राहिलं असतं. कार्ड बॉलपेनने लिहा, शाई पावसाळ्यात फुटते.

आता ऋतूचं. तुम्ही पावसाळ्याच्या पुस्तकांत पाऊस शोधलात ना? छत्री, खिडकी, वाफाळता चहा? ते चित्र सुट्टी असलेल्या माणसाचं आहे. आमच्याकडे जूनमध्ये पेरणीची घाई असते, शाळा उघडतात, वह्यांना कव्हरं घालायची असतात, फी भरायची असते. आमच्या नोंदवहीत सगळ्यात कमी देवघेव जूनमध्येच दिसते, दर वर्षी. ऋतू म्हणजे हवा नव्हे. त्या महिन्यात वाचकाच्या हातात वेळ किती, कुठल्या तुकड्यांत, आणि त्याचं मन कशात गुंतलं आहे, ते म्हणजे ऋतू. कपाट लावायच्या आधी मागच्या दोन वर्षांच्या देवघेवीच्या महिनावार बेरजा काढा. ज्या महिन्यात बेरीज खाली येते त्या महिन्यात पातळ पुस्तकं, जिथे वर जाते तिथे जाड. एवढ्यानेसुद्धा निम्मं काम होतं.

ज्येष्ठ-आषाढात आमच्या गावाचं मन वारीत असतं. पालखी मुक्कामाला असते त्या रात्री आमच्या वाचनकक्षातही एक दिंडी उतरते. टेबलं भिंतीला लावतो, सतरंज्या अंथरतो. पालखी पुढे गेली की दोन दिवस गाव सुनं सुनं वाटतं. ज्यांना जायचं होतं आणि गुडघ्यांनी किंवा घरच्या अडचणींनी जाता आलं नाही, ते त्याच दिवसांत वाचनालयात येऊन बसतात. त्यांच्यासाठी दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ मी वर्षभर राखून ठेवते. मोकाशी पाहणारे म्हणून वारीत चालले, जमलं तेवढं समजून घेत. म्हणूनच भाविकालाही ते पुस्तक खरं वाटतं. त्याच्या जोडीला इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा एकच लेख. पुस्तकात त्या लेखाच्या पानावर खूण घालून देते. बाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, पण दिंडीतून चालताना बायकांची माया त्यांनी टिपली आणि दिंड्यादिंड्यांतला जातीचा दुरावाही टिपला. एक माळकरी आजोबा तो लेख वाचून परत द्यायला आले. बराच वेळ टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, हे आम्ही रोज बघत होतो, दिसलं नव्हतं.” त्या दिवसानंतर तो लेख माझ्या कपाटातून कधी गेला नाही.

पेरण्या उरकून पिकं हातभर झाली, खुरपणीचा पहिला जोर ओसरला की श्रावणात वाचकांचे पाय पुन्हा वळतात. आता संध्याकाळ लांब मिळते. श्री. ना. पेंडश्यांचे ‘तुंबाडचे खोत’ याच दिवसांत काढा. जगबुडी नदीच्या काठावरचं ते घराणं, पिढ्यांमागून पिढ्या, दोन जाडजूड खंड. इथे एक पथ्य पाळा: दोन्ही खंड एकाच वाचकाला, एकाच दिवशी, महिन्याच्या मुदतीने द्या. पहिला खंड एकाकडे आणि दुसरा भलतीकडे अडकला, तर वाचकाचा त्या घराण्याशी जुळलेला धागा तुटतो आणि तो परत जोडता येत नाही. नियमात एका वेळी एकच पुस्तक असेल तर कार्यकारिणीकडून खंडांपुरती सवलत मागून घ्या. मी मागितली, आणि कुणी हरकत घेतली नाही.

जाड पुस्तक नको म्हणणाऱ्याला गो. नी. दांडेकरांचं ‘पडघवली’ द्या. अंबूवहिनीच्या तोंडून एका कोकणी गावाची पडझड सांगितली आहे. माझ्या आवडीच्या तीनांत ते जवळजवळ दर श्रावणात असतं. आमच्याकडच्या माहेरवाशिणी वाचतात आणि परत देताना पुस्तकाबद्दल बोलत नाहीत, आपल्या गावाबद्दल बोलतात. कुणाच्या घराची जोती कशी उघडी पडली, कुणाची विहीर कशी बुजली. मी ऐकते. मागे गर्दी असली तरी ऐकते.

कवितेला आपण कपाटात जागा देत नाही, कारण ‘कविता जात नाहीत’ असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. पावसाळ्यात जातात. बहिणाबाईंची गाणी कुणी सलग वाचत नाही, पण घरात कुणी मोठ्याने वाचायला लागलं की म्हातारी माणसं कामं थांबवतात. ती लेवा गणबोली आमच्या भागातली नव्हे, तरी पेरणीचं सगळं समजतं. बहिणाबाईंनी हातात लेखणी धरली नाही. त्यांची गाणी मुलाने आणि आप्तांनी उतरवून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या पश्चात, पुस्तक निघालं. आमच्या कार्डावर एवढंच आहे: ‘ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. नातवंडांनी वाचून दाखवायचं.’ शेजारी ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’. ही पुस्तकं पातळ असतात, दोन मोठ्या पुस्तकांच्या मध्ये गडप होतात. त्यांना पहिल्या फळीवर, मुखपृष्ठ समोर येईल असं उभं करा.

श्रावणात आणखी एक गोष्ट घडते: घराघरांत पोथी लागते. त्याच वाचकाला, त्याच दिवसांत, इरावतीबाईंचं ‘युगान्त’ पुढे करा. १९६७ साली आलेलं पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. महाभारतातली गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण अशी एकेक व्यक्ती घेऊन लिहिलेले लेख आहेत, त्यामुळे सलग वाचायची सक्ती नाही. पण देताना आधी सांगायला हवं. आमच्याकडे ‘मृत्युंजय’ पाठ असलेले वाचक आहेत. त्यांचा कर्ण डोळ्यांत पाणी आणणारा, आणि ‘युगान्त’मधला कर्ण कोरड्या उजेडात धरलेला. न सांगता दिलं तर ते दुखावतात. मी म्हणते, “दादा, हा तुमचा कर्ण नाही, दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. आवडला नाही तर येऊन भांडा.” बहुतेक जण येतात, बसतात, आणि पुढचं पुस्तक घेऊन जातात.

दमट दिवसांत एक काळजी घ्या. भिंतीला टेकलेल्या कपाटातली पुस्तकं ओल धरतात, बांधणी फुगते, आतल्या कडेला पांढुरकी बुरशी येते. दर्शनी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. परत आलेलं पुस्तक ओलसर लागलं तर लगेच फळीवर लावू नका, एक दिवस पंख्याखाली उभं उघडून ठेवा. नाहीतर एक पुस्तक शेजारच्या चारांना खराब करतं.

रात्री पावसात वाचायला भीतीच्या गोष्टी मागणारे असतात. आमच्यातला सगळ्यात तरुण सहकारी त्यांच्यासाठी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ठेवतो. त्यांना कार्ड लागत नाही. गौरी-गणपतीत काही बदलू नका, कुणाला फुरसत नसते.

दिवाळीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे वाचनालयाचं वर्ष फिरतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घराच्या फराळाशेजारी अंक आहे. आज किंमती वाढल्यामुळे घरी चार अंक घेणंही जड जातं, म्हणून वाचनालयाची दिवाळी अंक योजना. वेगळी छोटी वर्गणी, एका वेळी एक अंक, मुदत थोडी. एरवी वर्षभर न येणारी माणसं या योजनेपुरती सभासद होतात. आपली खरी संधी ती. मार्चमध्ये अंक संपतात आणि ही माणसं परत जातात. ती जाऊ नयेत, म्हणून काय करायचं?

आम्ही असं करतो. दिवाळीच्या आधीच कपाटातली पुस्तकं काढून घेतो, कारण त्या दिवसांत पुस्तकाकडे कुणी बघत नाही. चौघं मिळून आलेले अंक वाटून घेतो आणि रोज घरी नेऊन वाचतो. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानाला एक चिठ्ठी लावतो: यातली ही एक गोष्ट चुकवू नका, पान अमुक. एकच. अंकात खूप असतं, जाहिरातींच्या मध्ये चांगली कथा दडून जाते. वाचक अंक परत करताना आम्ही विचारतो, “ती वाचलीत का?” हो म्हणाला, चेहरा फुलला, की त्याच लेखकाचं आमच्याकडचं पुस्तक टेबलाखालून काढून पुढे ठेवतो. ते आधीच काढून ठेवलेलं असतं. ‘कपाट नंबर सातमध्ये बघा’ म्हटलं तर तो जात नाही, हातात दिलं तर नेतो. मुलांसाठी बालभारतीचा ‘किशोर’ असतोच. त्याचे मागच्या वर्षांचे दिवाळी अंकही बांधून ठेवा, मुलांना जुनं-नवं असं काही नसतं.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’च्या दोन्ही प्रती बाहेर काढा. १९७० सालचं पुस्तक. त्यातलं माप वाटीचं असल्यामुळे नव्या सुनेला वजनकाटा शोधावा लागत नाही. आमच्या जुन्या प्रतीचं चकलीचं पान तेलाने पारदर्शक झालं आहे, मागच्या पानावरची अक्षरं त्यातून दिसतात. ती प्रत बाद करायचा विषय निघाला होता, मी होऊ दिला नाही. ते पान तसं झालं आहे कारण ते स्वयंपाकघरात उघडं ठेवून कुणीतरी चकल्या तळल्या आहेत. फक्त मुदत आठच दिवसांची ठेवा, वीस जणींना हवं असतं.

मार्गशीर्षापासून उन्हं कोवळी होतात. निवृत्त मंडळी दहा वाजता पायरीवर ऊन खात बसतात, आणि वर्षातला सगळ्यात निवांत वाचनाचा काळ सुरू होतो. या दिवसांत विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ काढायची माझी जुनी रीत आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, म्हणजे आपल्या आजच्या संक्रांतीच्या तारखेची. डिसेंबरच्या सुरुवातीला हातात घेतलं तर रोज थोडं थोडं वाचत माणूस संक्रांतीच्या सुमाराला त्या दिवसापर्यंत पोचतो. आमचे एक सभासद, एसटीतून निवृत्त झालेले चालक, नोकरीभर वर्तमानपत्राशिवाय काही वाचलं नव्हतं. त्यांनी हे असं तारखेशी जुळवून वाचलं. सैन्य कुठून कुठे गेलं ते रस्त्यांच्या हिशोबाने मला समजावून सांगायचे, कुठे घाट, कुठे नदी, गाडी कशी गेली असती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन आले आणि विचारलं, “ताई, यातलं खरं किती?” हा प्रश्न आला की त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक द्यायची वेळ झाली. आधी देऊ नका. आधी दिलं तर परत येतं, प्रश्न पडल्यावर दिलं तर वाचलं जातं.

थंडीत गड चढणारी पोरं असतात. त्यांना गोनीदांचं ‘माचीवरला बुधा’ द्या. मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहायला गेलेला म्हातारा. पिशवीत मावेल एवढं पुस्तक आहे. पक्षी बघणाऱ्यांना मारुती चितमपल्लींचं ‘पक्षी जाय दिगंतरा’, कारण याच दिवसांत आमच्याकडे मायणीच्या तलावाची चौकशी सुरू होते. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शांता शेळक्यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’. मूळ गोष्टच नाताळापासून सुरू होते. आठवी-नववीच्या मुलींकडून ते त्यांच्या आयांकडे जातं, घरातल्या घरात. तारखेच्या चिठ्ठीवर एकच नाव दिसतं, पण वाचणाऱ्या दोघी-तिघी असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अभ्यासिका भरलेली असते. दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षेची मुलं, सकाळी सातपासून रात्रीपर्यंत. त्यांच्यापुढे जाड कादंबरी ठेवू नका, त्यांना अपराधी वाटतं. पुलंनी मराठीत आणलेलं ‘एका कोळियाने’ आणि मामांची ‘माणदेशी माणसं’ एवढी दोन मी अभ्यासिकेच्या दाराशी ठेवते, नोंद न करता, तिथेच वाचून तिथेच ठेवायची. कोळ्याचं पुस्तक दोन-तीनदा नाहीसं झालं. नवी प्रत आणली.

आणि मग एप्रिल. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बालविभागाच्या दारात चपलांचा ढीग लागतो, आणि तिथेच आपल्या कामाची सगळ्यात मोठी कसोटी असते. मुलाच्या मागे उभे असलेले पालक म्हणतात, “गोष्टींचं नको, माहितीचं काहीतरी द्या.” मी पालकांना खुर्ची देते आणि मुलाला आत पाठवते. अर्ध्या तासाने मूल जे घेऊन येईल ते द्यायचं. मागच्या मे महिन्यात घेतलेलंच पुन्हा घेतलं असेल तरीही द्यायचं. त्याला ते पुन्हा हवं आहे, म्हणजे ते त्याचं झालं आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे इतक्या वर्षांनंतरही तिसरी-चौथीच्या मुलाला वाचनाकडे ओढून आणतो, हे मी दर सुट्टीत बघते. वीस पुस्तकं आहेत, एक संपलं की दुसऱ्यासाठी मूल स्वतः चालत येतं. कुठूनही सुरुवात केली तरी चालते, म्हणून पहिला भाग बाहेर गेला आहे असं सांगून मुलाला रिकाम्या हाती पाठवू नका. थोड्या मोठ्या मुलांसाठी राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’. ज्योडी आणि त्याचं हरणाचं पिल्लू. जाड आहे, पहिली काही पानं हळू जातात, म्हणून ती मी स्वतः वाचून दाखवते. दुपारी साडेतीनला, बालविभागात, सतरंजीवर. मध्येच थांबते. पुढे काय झालं ते कळण्यासाठी तीन प्रतींवर नंबर लागतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना जास्त द्या. त्याच्या गोष्टींचं ‘वनवास’ मुलांबद्दल आहे, ते वाचून मोठी माणसं घरी जाऊन मुलांशी थोडं वेगळं बोलतात, असं मला एका आईनेच सांगितलं.

‘श्यामची आई’चा आम्ही केलेला प्रयोग तुम्ही अवश्य करून बघा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत हे लिहिलं. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत: ४२ रात्री, रोज रात्री श्यामने सांगितलेली एक आठवण. मे महिन्याची सुट्टी साधारण तेवढीच. आम्ही ४२ चौकोनांचं एक साधं कागदी वेळापत्रक छापून पुस्तकात घालतो. रात्री जेवण झाल्यावर घरातल्या कुणीही एक रात्र मोठ्याने वाचायची आणि चौकोनात वाचणाऱ्याचं नाव लिहायचं. शाळा उघडताना वेळापत्रक परत आणायचं, बक्षीस काही नाही. गेल्या वर्षी एक वेळापत्रक परत आलं, त्यात सुरुवातीचे दहा-बारा चौकोन मुलीच्या अक्षरात ‘मी’, ‘मी’, ‘मी’ असे. मग एका ठिकाणी ‘पप्पा’. पुढे ‘पप्पा’ वाढत गेले. एका चौकोनात काहीच नव्हतं, नुसती रेघ. मी विचारलं तर म्हणाली, “त्या रात्री पप्पांना वाचताच आलं नाही, मग मीपण नाही वाचलं.” ते वेळापत्रक मी दाखल नोंदवहीत जपून ठेवलं आहे.

मोठ्यांसाठी वैशाखात ‘बनगरवाडी’. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो तिथपासून दुष्काळापर्यंत. ते उन्हातच वाचावं, पाऊस सुरू झाल्यावर त्याचा चटका कमी होतो असं माझं मत आहे. ज्यांना सुट्टीत कुठे जाता येत नाही त्यांना गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ द्या. पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि १८५७च्या धामधुमीत, थेट झाशीत सापडला. कादंबरी वाटावी असं, आणि सगळं अंगावरून गेलेलं.

एक चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. उद्धव शेळक्यांची ‘धग’ माझी अत्यंत आवडती कादंबरी आहे. कौतिकसारखी बाई मराठीत दुसरी नाही असं मला वाटतं. एका बाईंनी विचारलं, “ताई, काहीतरी चांगलं द्या.” मी मोठ्या हौसेने ‘धग’ दिली. दोन दिवसांत परत आणली. म्हणाल्या, “छान आहे, पण माझे मालक तीन महिने अंथरुणावर आहेत. हे मला आत्ता नको होतं.” कादंबरीतल्या नवऱ्याचं दुखणं त्यांना घरच्या दुखण्यासमोर उभं राहिलं होतं. मी माझी आवड पुढे केली होती, त्यांना एक शब्दही विचारला नव्हता. तेव्हापासून पुस्तक देण्याआधी मी दोन गोष्टी विचारते: याआधी काय आवडलं होतं, आणि सध्या वाचायला कधी बसता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात माणसं आपण होऊन घरचं सगळं सांगतात. “रात्री दवाखान्यात बसून असते” असं उत्तर आलं की मी ‘धग’ देत नाही, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देते. त्यातही हाल कमी नाहीत, पण लक्ष्मीबाई आपल्या हालांकडे बघून हसू शकतात, आणि कुठलंही पान उघडून दहा मिनिटं वाचता येतं. त्या बाईंना मी पुढे तेच दिलं. ते त्यांनी तीनदा मुदत वाढवून घेतलं.

चौघांत मतभेद होतील, होऊ द्या. आमच्या सहकाऱ्याला पेंडसे कंटाळवाणे वाटतात, मला धारप वाचवत नाहीत. दोन्हीची कार्डं शेजारी शेजारी असतात. वाचक हळूहळू ओळखतो की आपली आवड कुणाशी जुळते, आणि मग पुस्तकाऐवजी माणूस शोधत येतो. “आज मामा नाहीत का?” असं विचारून कुणी परत गेलं की मला मुळीच वाईट वाटत नाही.

सोमवारी कपाट रिकामं करा आणि बारा पुस्तकं लावा. त्यातल्या प्रत्येकाची मागची तारखेची चिठ्ठी बघून घ्या. जी दोन-तीन वर्षांत एकदाही बाहेर गेलेली नाहीत, पण तुम्हाला मनापासून आवडतात, अशी निदान चार त्यात असू द्या. लोकप्रिय पुस्तकांना आपल्या कपाटाची गरज नाही. पुस्तक गेलं की ती जागा दुसऱ्या पुस्तकाने भरू नका. कार्ड तिथेच उभं राहू द्या, आणि त्यावर पेन्सिलीने परत येण्याची तारीख लिहा.